घड्याळाचा आवाज ऐकू आला का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे महाविद्यालयातील चित्रपटाच्या अभ्यासाविषयी आहेत. पत्रे संक्षिप्त करून आणि नावे न देता छापत आहोत. उत्तरे लिहिणाऱ्याने आयुष्यभर मराठी शिकवले आणि नोकरीची शेवटची काही वर्षे वर्गाच्या खिडक्यांना काळे कापड लावून चित्रपटही शिकवला. त्यापलीकडे त्याचा काही अधिकार नाही.

प्रश्न : मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऐच्छिक विषय म्हणून चित्रपटाची अभ्यासपत्रिका घेतली. घरी वडील विचारतात, ‘पिक्चर बघायला फी कशाला भरायची?’ ते एक वेळ सोडून देऊ. पण पहिल्या चाचणीत ‘कुंकू’ या चित्रपटाचा सांस्कृतिक अर्थ स्पष्ट करा, असा प्रश्न आला. मी कथानक लिहिले, चित्रपटाचा संदेश लिहिला, शांता आपटे यांच्या अभिनयाचे कौतुक केले. वीसपैकी सात गुण मिळाले आणि खाली शेरा होता : ‘चित्रपट कुठे आहे?’ सांस्कृतिक अर्थ म्हणजे नेमके काय लिहायचे असते? (एक विद्यार्थिनी, कऱ्हाड)

उत्तर : शेरा तुटक आहे, पण अन्यायाचा नाही. तुम्ही लिहिलेले कथानक आणि संदेश हे दोन्ही, ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही मूळ कादंबरी वाचून, चित्रपट न पाहताही लिहिता आले असते. परीक्षकाला हवे होते ते कादंबरीत नसलेले आणि पडद्यावरच घडलेले असे काहीतरी.

‘कुंकू’ प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली पुण्यात काढला, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२चा, म्हणजे बोलपटाला अवघी पाच वर्षे झाली होती आणि आवाज सापडल्याच्या आनंदात बहुतेक निर्माते पडद्यावर जमेल तेवढे संगीत ओतत होते. अशा वेळी शांतारामांनी ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत ठेवलेच नाही. गाणी आहेत, पण प्रसंगाला बाहेरून चिकटवलेले वाद्यवादन नाही, जे ऐकू येते ते त्या घरात किंवा त्या रस्त्यावर खरोखर वाजणारे असते. परिणाम असा होतो की नायिका नीरा हिचे ज्यांच्याशी लग्न लावून दिले आहे त्या म्हाताऱ्या काकासाहेबांच्या वाड्यातली शांतता ऐकू येऊ लागते आणि त्या शांततेत भिंतीवरचे जुने घड्याळ टिकटिक करत राहते. नीरा तरुण आहे आणि काकासाहेब वृद्ध आहेत हे संवाद सांगतातच, पण त्यांच्याजवळ वेळ उरलेला नाही हे घड्याळ सांगते, आणि हे सगळे त्यांनाही ऐकू येत असणार, असे पाहणाऱ्याला वाटू लागते. खलनायक म्हणून ज्याचा राग यावा त्या माणसाची तिथे कीव येऊ लागते. तुमच्या उत्तरात हे घड्याळ कुठेही नव्हते, असे मी धरून चालतो.

आता इथून संस्कृतीकडे कसे जायचे ते पाहा. जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ हे नाटक १८९९चे, म्हणजे ‘कुंकू’च्या जवळजवळ चार दशके आधीचे. ‘शारदा’त म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरलेले लग्न मोडते ते वधूवर एकाच गोत्राचे निघतात म्हणून, मुलीची सुटका शास्त्राच्या एका नियमाने आणि एका सुधारक तरुणाच्या खटपटीने होते. ‘कुंकू’त लग्न मोडत नाही. फसवून का होईना, ते पार पडते, आणि त्यानंतर नीरा स्वतःच नवऱ्याला नवरा मानायला नकार देते. १९३०पासून बालविवाह रोखणारा शारदा कायदा अमलात होता (त्याच्या नावाचा या नाटकाशी संबंध नाही). त्याने मुलीचे लग्नाचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले होते, परंतु नवराबायकोच्या वयांतील अंतराबद्दल तो काही बोलत नव्हता. वयात आलेल्या नीराला म्हणूनच ना शास्त्र वाचवू शकत होते ना कायदा. तिच्याजवळ उरतो तो फक्त तिचा नकार. नाटकाकडून चित्रपटाकडे येताना ‘सोडवणार कोण’ या प्रश्नाचे उत्तर बदलले, आणि तुमच्या परीक्षकाला सांस्कृतिक अर्थ या शब्दांत बहुधा हेच अभिप्रेत असावे : एखादा समाज एकाच दुखण्याकडे दोन वेगळ्या काळांत कसा पाहतो, आणि त्या पाहण्यातला बदल चित्रपटाच्या अंगावर कुठे दिसतो.

‘अंगावर’ हा शब्द मुद्दाम वापरला. ‘त्या काळी स्त्रीमुक्तीचे विचार प्रबळ होत होते, त्यांचा प्रभाव चित्रपटावर दिसतो’ असे वाक्य कोणत्याही चित्रपटाच्या उत्तरात खपते, म्हणूनच ते निरुपयोगी असते. त्याऐवजी असे पाहा की काकासाहेबांच्या समाजसेविका मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली आहे. त्या गणितज्ञ रँग्लर परांजप्यांच्या कन्या, केंब्रिजमध्ये शिकून आलेल्या. बापाच्या या लग्नाविरुद्ध मुलगी उभी राहते तेव्हा पुण्यातल्या प्रेक्षकासमोर एक पात्र तर होतेच, शिवाय त्याला नावाने माहीत असलेली एक सुशिक्षित स्त्रीही होती. नटाची निवड हाही अर्थ असतो.

पद्धत विचाराल तर माझी साधी आहे. पहिल्यांदा चित्रपट प्रेक्षक म्हणून पाहावा, वहीला हात लावू नये. दुसऱ्यांदा एकच प्रसंग निवडून तो चार-पाच वेळा पाहावा, त्यातही एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून. मग आधी दिसले-ऐकले तेवढेच लिहावे : कोण कुठे बसले आहे, कॅमेरा कोणाच्या उंचीवर आहे, कोणाचा चेहरा दिसत नाही, कोणता आवाज मध्येच थांबतो. ‘म्हणून’ हा शब्द त्या पानावर येऊ देऊ नये. तो दुसऱ्या पानावर येतो. माझ्या वर्गातले निम्मे विद्यार्थी ‘म्हणून’पासूनच सुरुवात करीत, आणि त्यांच्या उत्तरपत्रिकांत चित्रपट शोधता शोधता माझ्या चष्म्याचा नंबर वाढला.

वडिलांना शक्य असेल तर एकदा हा चित्रपट शेजारी बसवून दाखवा आणि मध्येच विचारा, घड्याळाचा आवाज ऐकू आला का. फीचा विषय कदाचित पुन्हा निघणार नाही.

प्रश्न : मी ८२ वर्षांचा सेवानिवृत्त गृहस्थ आहे. ‘संत तुकाराम’ हा चित्रपट लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून पाहिला. वडिलांनी तो प्रथम प्रदर्शित झाला तेव्हाच पाहिला होता आणि तो लागला की ते पुन्हा पुन्हा जात. माझी नात महाविद्यालयात याच चित्रपटावर प्रकल्प करते आहे. तिच्या टिपणांत जात, सत्ता, लिंगभाव असे शब्द आहेत, विठ्ठल कुठेच नाही. भक्तिभावाने केलेल्या कलाकृतीची अशी चिरफाड करून काय साधते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या वडिलांच्या आठवणीला प्रथम नमस्कार करतो. आपली तक्रार मला अर्धी पटते, आणि ती अर्धी आपल्या नातीपर्यंत पोहोचवावी अशी विनंती आहे. ज्या टिपणात विठ्ठल नाही ते ‘संत तुकाराम’विषयीचे टिपण नव्हे. भक्ती हा त्या चित्रपटाचा विषय आहे, शिवाय त्याची घडण भक्तीचीच आहे. तुकोबांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस गात असताना कॅमेरा त्यांच्या समोर ज्या स्थिरपणे थांबतो तो देवळातल्या दर्शनाच्या रांगेत थांबलेल्या माणसाचा स्थिरपणा आहे. हे दर्शन आहे हे ओळखल्याशिवाय पुढचे विश्लेषण सगळे लटके पडते.

मात्र उरलेल्या अर्ध्या भागात मी नातीच्या बाजूचा आहे. ‘आधी बीज एकले’ हा अभंग आपल्याला पाठ असेल. तो तुकोबांचा नाही. तो शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिला, केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली, आणि तो इतका तुकोबांचा वाटला की जाणकारांनी गाथेत त्याचा शोध घेतल्याचे सांगतात. आज कीर्तनांतही तो म्हटला जातो. चित्रपटाने परंपरेतून घेतले आणि परंपरेला परतही दिले; घेतलेले कोणते आणि दिलेले कोणते हे आता सहज वेगळे काढता येत नाही. एका स्टुडिओत लिहिलेले गीत लोकांच्या तोंडी संतवचन होऊन बसते, हे कसे घडले असा प्रश्न विचारणे म्हणजे चिरफाड नव्हे. त्यात सिनेमाविषयी आणि वारकरी परंपरेविषयीही कुतूहल आहे, आणि मला तरी त्यात आदर दिसतो.

तीच गोष्ट आवलीची. गौरी या नटीने साकारलेली तुकोबांची बायको हे त्या चित्रपटाचे दुसरे केंद्र आहे. घरात पीठ नाही, पोर आजारी आहे आणि नवरा भजनात दंग, या परिस्थितीत ती विठ्ठलाशी भांडते, देवळात जाऊन त्याच्यावर चिडते. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी तिला विनोदी किंवा कजाग बाई करून टाकणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. तिचे म्हणणे खरे आहे हे प्रेक्षकाला प्रत्येक वेळी कळते. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि आवली मागे राहते, तेव्हा पडद्यावरचा चमत्कार वर आकाशात असला तरी माझी नजर खाली जमिनीवर उभ्या असलेल्या तिच्याकडे जाते. आपल्या नातीने ‘लिंगभाव’ हा शब्द लिहिला आहे तो बहुधा याच बाईसाठी. शब्द रुक्ष आहे हे मान्य. पण आपल्या आईने किंवा आजीने हा प्रसंग पाहताना डोळ्याला पदर लावला असेल तर त्यांनाही हेच दिसले होते.

आणि आपण नाशिकचे आहात म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. चित्रपट १९३६चा आहे. त्याच्या आधीची काही वर्षे, १९३०पासून, आपल्याच गावात काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह चालू होता, आणि ऑक्टोबर १९३५मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याला डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. त्याच १९३५ साली प्रभातनेच संत एकनाथांवर चित्रपट काढला होता. त्याचे नाव ‘महात्मा’ ठेवायचे होते. गांधीजींची आठवण करून देणारे ते नाव ब्रिटिश सेन्सॉरला चालले नाही आणि ‘धर्मात्मा’ या नावाने तो झळकला. संतपट निरुपद्रवी असतात असे निदान त्या काळच्या सरकारला वाटत नव्हते. तेव्हा आपले वडील ‘संत तुकाराम’ पाहायला गेले आणि शूद्र म्हणवल्या गेलेल्या एका कवीच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या जाताना त्यांनी पाहिल्या, त्या वेळी देवावर आणि शब्दांवर अधिकार कोणाचा हा प्रश्न थिएटरच्या बाहेर रस्त्यावर उभाच होता. वडील काय विचार करीत होते ते मी सांगू शकत नाही. ते कधी याविषयी बोलले असतील तर कृपया नातीला सांगा. तिच्या प्रकल्पात कोणत्याही ग्रंथातून मिळणार नाही अशी नोंद होईल.

प्रश्न : मी ग्रामीण महाविद्यालयात मराठीचा अध्यापक आहे. आमच्या अभ्यासक्रमात एक घटक ‘साहित्यकृतीचे माध्यमांतर’ असा आहे. दरवर्षी कादंबरीत काय होते आणि चित्रपटात काय गाळले याचे दोन रकाने करून देतो, मुले ते पाठ करतात. यापेक्षा वेगळे काय करता येईल? शिवाय वर्गात चित्रपट दाखवणे कायदेशीर आहे का, अशी शंका प्राचार्यांनी काढली आहे. (एक अध्यापक, जि. बीड)

उत्तर : प्राचार्यांची शंका आधी मिटवू. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. त्यामुळे प्रभातचे सर्व जुने चित्रपट आणि १९५०च्या दशकातले चित्रपट आता हक्कमुक्त आहेत. अलीकडच्या चित्रपटांपुरते, स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२मध्ये शैक्षणिक संस्थेला तिच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवण्याची मुभा आहे; मात्र प्रेक्षक त्या संस्थेचे विद्यार्थी, शिक्षक, पालक अशांपुरतेच मर्यादित असावे लागतात. तिकीट लावून गावाला बोलावले तर तो कार्यक्रम या सवलतीबाहेर जातो.

दोन रकाने बंद करा. ‘काय गाळले’ या प्रश्नात पुस्तक श्रेष्ठ आणि चित्रपट त्याची उणी नक्कल हे गृहीत धरलेले असते, आणि मराठीचे आपण सगळे शिक्षक या दुखण्याने थोडेफार पछाडलेले आहोत. ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले. एका मुलाने मोठेपणी आश्रमातल्या सोबत्यांना रात्री सांगितलेल्या आठवणी असे त्याचे रूप आहे. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३चा. मधल्या काळात स्वातंत्र्य आले होते आणि गुरुजी १९५०मध्ये गेले होते. तुरुंगातल्या एका माणसाने स्वतःच्या आईची काढलेली आठवण आणि नव्या राष्ट्रापुढे ठेवलेली आई या दोन गोष्टी एक कशा असतील? राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. नव्या प्रजासत्ताकाने सगळ्या भाषांतल्या चित्रपटांतून हीच आई का निवडली, हा प्रश्न मुलांना घाला. दोन रकान्यांत त्याचे उत्तर मावत नाही, आणि पाठही करता येत नाही.

एखादा आजचा चित्रपटही असू द्या. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला (२०१३) डुकराचा पाठलाग वर्गात दाखवण्याजोगा आहे. कैकाडी कुटुंब शाळेजवळ डुक्कर धरायला धावते आहे, डुक्कर हाताशी आले आहे, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर मात्र राष्ट्रगीत पाळत नाही. संवाद नाही, भाष्य नाही. दोन ध्वनी आणि काही थांबलेली शरीरे यांतून नागरिकत्वाविषयी जे सांगून होते त्यासाठी राज्यशास्त्राच्या पुस्तकाला एक प्रकरण लागते. मुले हसतात, हे मी पाहिलेले आहे. हसू द्यावे. मग तोच प्रसंग पुन्हा लावावा आणि आपण कोणाला हसलो ते लिहायला सांगावे. चित्रपटाच्या शेवटी त्या कुटुंबातला मुलगा जब्या भिरकावतो तो दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. दुसऱ्यांदा हसू न आलेल्या वर्गाला तो कोणाच्या दिशेने आहे हे समजावून द्यावे लागत नाही.

इथे एक सावधगिरी मात्र अनुभवाने शिकलो, तीही उशिरा. गावातल्या वर्गात पडद्यावरचा समाज बाकांवर बसलेला असतो. ‘तुमच्याकडे असेच असते का?’ असा प्रश्न एकदा मी एका मुलाला सगळ्यांदेखत विचारला. तो मुलगा नंतर चार तास वर्गात आला नाही. कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या जातीचा साक्षीदार म्हणून उभे करू नये. बोलायचे असेल तर तो आपणहून बोलेल. नसेल तर लिहील, आणि लिहिलेले वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचे नाही हे आधीच सांगून ठेवावे. याउलट ज्यांना असे प्रश्न कधीच पडलेले नसतात त्यांना जरूर विचारावे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) सरकारी वकील असलेली बाई दिवसभर एका लोकशाहिराविरुद्ध युक्तिवाद करते आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाकाला लागते, कॅमेरा तिच्याकडेही तेवढ्याच दुरून, तेवढ्याच शांतपणे पाहतो. पांढरपेशा घरातून आलेल्या मुलांना तिथे आपली मावशी किंवा काकू दिसते, आणि मग त्यांची गंमत थोडी ओसरते. वर्गातला मोकळेपणा साधायचा तर सुरुवात त्या बाजूने करावी, असे माझे मत आहे.

साधनांची चिंता फार करू नका. प्रोजेक्टर नसेल तर एक मोठासा टीव्ही आणि बरे स्पीकर पुरतात. निवड करण्याची वेळ आलीच तर पैसे स्पीकरवर घाला.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. चित्रपट तयार करायचा नाही, फक्त समजून घ्यायचा आहे. त्यासाठी शाखा बदलावी लागेल का? इंग्रजी उत्तम असावे लागते का? (एक विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : शाखा बदलू नका. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचा चित्रपट रसास्वादाचा अल्पकालीन अभ्यासक्रम अनेक वर्षे चालत आला आहे आणि त्याला कोणत्याही शाखेची माणसे जातात. फिल्म इन्स्टिट्यूट ज्या आवारात १९६०मध्ये सुरू झाली तो प्रभातचाच जुना स्टुडिओ, हे तिथे गेल्यावर कळेलच. संग्रहालय १९६४चे आहे आणि त्याचे पहिले मोठे शिल्पकार पी. के. नायर यांनी मिळेल तिथून जुन्या रिळांचे तुकडे जमवले नसते, तर फाळक्यांच्या चित्रपटांचे आज जेवढे पाहायला मिळते तेवढेही मिळाले नसते. महिनाभर जाणे शक्य नसेल तर जवळची फिल्म सोसायटी शोधा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८पासून हे काम करते आहे, आणि त्यांच्या ‘रूपवाणी’ या नियतकालिकामुळे मराठीत चित्रपटावर गंभीरपणे लिहिण्याची सवय पुष्कळांना लागली. बेळगावात अशी सोसायटी नसेल तर चार मित्र आणि वसतिगृहातली एक खोली एवढ्यावरही ती सुरू होते, फक्त चित्रपट संपल्याबरोबर कोणी उठून जायचे नाही असा नियम करावा लागतो.

इंग्रजी आले तर बरीच पुस्तके उघडतात हे खरे. पण शॉट, कट, क्लोज-अप एवढे शब्द मराठीत केव्हाच रुळले आहेत आणि त्यांच्यापुढचे लेखन तुम्हाला स्वतःच्या भाषेतच करायचे आहे. किंबहुना सीमाभागात वाढल्यामुळे तुम्हाला मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांतले चित्रपट उपशीर्षकांशिवाय कळत असतील. पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांपैकी फार थोड्यांना ते जमते. एकाच वर्षी दोन्ही भाषांत निघालेले दोन चित्रपट घ्या, त्यांतला जेवणाचा एकेक प्रसंग निवडा आणि कोण आधी जेवते, कोण वाढते, कोणाचे ताट कॅमेरा दाखवतच नाही, एवढे लिहून काढा. ते लिखाण आमच्याकडे पाठवलेत तर वाचायला आवडेल.